मोल्या: मुळांशी चाललेली लढाई आणि पुढच्या पिकासाठी पेरलेले बियाणे

भारतातील गव्हाचा आधुनिक इतिहास सांगायचा तर तांबेरा, बुटकी मेक्सिकन वाणे आणि हरितक्रांती या तीन शब्दांभोवती तो सहज गुंफता येतो. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर शेकडो मैल जातात, पाने डोळ्यांदेखत तांबडी होतात आणि एका हंगामात देशभर हाहाकार उडू शकतो. अशा शत्रूकडे सरकारचे, संशोधकांचे आणि वर्तमानपत्रांचे लक्ष आपोआप जाते. मातीत राहणाऱ्या शत्रूचे तसे नसते. तो स्वतःच्या बळावर वर्षभरात फार तर काही हात सरकतो. शेताच्या एका कोपऱ्यात पीक पिवळे आणि खुजे दिसते. शेतकरी म्हणतो, तिथली जमीन हलकी आहे, खत कमी पडले असेल. पुढच्या वर्षी तो डाग थोडा मोठा होतो. त्या डागाखाली काय आहे हे पाहण्यासाठी रोप उपटून मुळे धुवावी लागतात आणि ते कष्ट सहसा कोणी घेत नाही.

राजस्थानातील असाच एक डाग आणि त्यावर उपाय म्हणून घडवलेली गहू-जवाची वाणे, हा या लेखाचा विषय आहे. भारतीय कृषिविज्ञानाच्या इतिहासातील हे प्रकरण लहान आहे, पण प्रतिकारक वाण म्हणजे नेमके काय, ते कोणाला वाचवते आणि त्याचे यश कशाने मोजावे, हे प्रश्न त्यात जितके स्पष्ट दिसतात तितके इतरत्र क्वचित दिसतात.

नीम का थानाची नोंद

१९५८ साली वनस्पतिरोगतज्ज्ञ आर. एस. वासुदेव यांनी राजस्थानच्या सीकर जिल्ह्यातील नीम का थाना या भागातून एका रोगाची नोंद प्रसिद्ध केली. गहू आणि जव या दोन्ही पिकांवर तो दिसत होता. तिकडचे शेतकरी त्याला ‘मोल्या’ म्हणत आणि शास्त्रीय वाङ्मयातही पुढे तेच नाव रूढ झाले. रोगट रोपे खुजी राहत, फिकी पडत, त्यांना फुटवे कमी येत आणि ओंब्या लहान राहत. मुळे उपटून पाहिली तर ती सरळ खोल न जाता जागोजागी फाटे फुटून झुबक्यासारखी गुंतलेली आढळत. त्या गुंत्यावर फेब्रुवारीच्या सुमारास मोहरीहूनही लहान, पांढरे चमकदार मणी चिकटलेले दिसत.

ते मणी म्हणजे एका सूत्रकृमीच्या माद्या. तिचे शास्त्रीय नाव हेटेरोडेरा ॲव्हेनी. महाराष्ट्रातील डाळिंब किंवा टोमॅटो पिकवणाऱ्यांना मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमी परिचित आहेत. ही त्यांचीच दूरची नातलग, पण तिची रीत वेगळी. ती मुळावर गाठ आणत नाही, स्वतःच्या देहाची पेटी करते.

तिचे जीवनचक्र समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. थंडी सुरू होऊन जमीन गार झाली, पेरणी झाली, ओल मिळाली की मातीतील अंड्यांतून सूक्ष्म पिल्ले बाहेर येतात. ती कोवळ्या मुळाच्या टोकाजवळ शिरतात आणि तोंडातील सुईसारख्या अवयवाने पेशींमध्ये स्राव सोडतात. त्या स्रावामुळे आसपासच्या पेशींच्या भिंती विरघळून एक मोठा, अनेक केंद्रके असलेला पेशीसमूह तयार होतो. वनस्पतीने मुळासाठी पाठवलेले अन्न आता या समूहाकडे वळते आणि कृमी एका जागी बसून ते शोषत राहते. मादी फुगत जाते, लिंबाच्या आकाराची होते, मुळाची साल फोडून बाहेर डोकावते. कापणीच्या सुमारास ती मरते. पण तिची कातडी तपकिरी आणि टणक होऊन आतल्या शेकडो अंड्यांचे कवच बनते. यालाच पुटी म्हणतात. राजस्थानचा उन्हाळा त्या कवचाला सहज सोसवतो. वर्षातून एकच पिढी होते. पण प्रत्येक हंगामात सगळी अंडी उबत नाहीत. भारतीय परिस्थितीत साधारण निम्मी उबतात आणि उरलेली पुढच्या वर्षांसाठी शिल्लक राहतात.

या शिलकीमुळे शेतकऱ्याची कोंडी होते. एक वर्ष हरभरा किंवा मोहरी घेतली तर उबलेली पिल्ले उपाशी मरतात, पण पुटीतील अर्धा साठा कायम असतो. समजा, शेतात शंभर भाग अंडी आहेत. एक वर्ष पालट केला तर पन्नास उरतात, दोन वर्षांनी पंचवीस, तीन वर्षांनी बारा-तेरा. मग गहू पेरला की एका हंगामात संख्या पुन्हा उसळी मारते. ज्याच्या घरची भाकरी गहू-जवावर अवलंबून आहे, त्याने ही पिके सलग तीन वर्षे टाळावीत असे सांगणे सोपे असते. ते पाळणे त्याला परवडत नाही.

युरोपातील पूर्वपीठिका

भारतात १९५८ साली नोंदवलेला हा शत्रू युरोपला जुना परिचयाचा होता, मात्र त्याची ओळख पटायला तिथेही बराच काळ गेला. १८५९ मध्ये जर्मनीतील हेर्मान शाख्त यांना बीटच्या मुळांवर अशाच पुटी दिसल्या. साखर कारखान्यांच्या परिसरात बीट वर्षानुवर्षे त्याच जमिनीत घेतल्यामुळे ‘जमीन थकली’ असे लोक म्हणत. थकव्याचे कारण ही कृमी होती. १८७१ मध्ये तिला शाख्त यांच्या स्मरणार्थ नाव मिळाले. १८७४ मध्ये युलियस क्यून यांनी तृणधान्यांच्या मुळांवरही तशाच पुटी पाहिल्या. त्यानंतर अर्धे शतक लोक बीटवरची आणि धान्यावरची कृमी एकच समजत राहिले. १९२४ साली वोलेनवेबर यांनी धान्यावरील जातीला स्वतंत्र नाव दिले.

त्याच्या चार वर्षे आधी स्वीडनमध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. स्वालोफ येथील पैदास केंद्रात काम करणारे हेर्मान निल्सन-एले हे गव्हाच्या दाण्याच्या रंगाची आनुवंशिकता उलगडल्याबद्दल आधीच ख्यातनाम होते. १९२० मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. जवाच्या काही वाणांवर ही कृमी वाढत नाही आणि हा गुण मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरतो, असे त्यांनी दाखवले. निबंधात कृमीचे नाव अजून बीटवरचेच होते. शत्रूचे नाव चुकीचे असूनही त्याच्याविरुद्धच्या प्रतिकाराची आनुवंशिकता मात्र बरोबर हाती लागली, असा हा विलक्षण योग. मातीतील किडीविरुद्ध धान्यपिकाची पैदास करता येते, हे मेंडेलच्या शोधनिबंधाचे पुनरुज्जीवन झाल्यानंतर अवघ्या वीस वर्षांत कळलेले होते.

मग पुढची अनेक दशके या वाटेने फारसे कोणी का गेले नाही? याचे एक कारण रसायनांत सापडते. १९४३ मध्ये हवाई बेटांवर अननसाच्या मळ्यांत काम करणारे वॉल्टर कार्टर यांनी जमिनीत सोडता येणारे एक वायुरूप होणारे मिश्रण प्रभावी ठरल्याचे जाहीर केले. ते जमिनीत सोडले की कृमी मरत आणि पीक डोळ्यांत भरण्याइतके सुधारे. पाठोपाठ अशी अनेक रसायने आली. पैदासकाराला दहा-पंधरा वर्षे लागणारे काम एका फवाऱ्यात होते, असे वाटू लागले. परंतु अननसाच्या मळ्याला परवडणारा खर्च जवाच्या कोरडवाहू शेताला कधीच परवडणार नव्हता. शिवाय १९७७ मध्ये, डीबीसीपी नावाच्या अशाच एका लोकप्रिय सूत्रकृमीनाशकाच्या कारखान्यातील पुरुष कामगारांना वंध्यत्व येत असल्याचे अमेरिकेत उघडकीस आले. कमी किमतीच्या, मोठ्या क्षेत्रावरील धान्यपिकासाठी शेवटी बियाण्याकडेच परत यावे लागणार, हे तेव्हा बऱ्याच जणांच्या ध्यानात आले.

प्रतिकार आणि सोशिकता

विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण पुढे येणारा फरक पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो आणि प्रत्यक्षात सगळा गोंधळ त्यातूनच होतो.

सूत्रकृमींच्या बाबतीत ‘प्रतिकारक’ या शब्दाचा अर्थ असा की त्या झाडावर कृमीची वीण होत नाही. ‘सोशिक’ याचा अर्थ असा की कृमीने हल्ला केला तरी झाडाचे उत्पन्न फारसे घटत नाही. हे दोन गुण वेगवेगळे आहेत आणि एकमेकांवर अवलंबून नाहीत. सोशिक पण प्रतिकाररहित वाण यंदा चांगले पीक देईल आणि मातीत पुटींचा डोंगर मागे ठेवील. प्रतिकारक पण नाजूक वाण पुटी होऊ देणार नाही, पण स्वतः मात्र खुरटेल.

असे का होते? प्रतिकारक झाडातही पिल्ले मुळात शिरतातच. त्यांना दारातून परत पाठवणारी यंत्रणा बहुधा नसते. ती आत येतात, सुई खुपसतात, अन्नासाठी पेशीसमूह घडवू लागतात. आणि त्यानंतर झाडाची प्रतिक्रिया सुरू होते. समूह नीट वाढत नाही, लवकर मोडतो, आणि मादी अंडी घालण्याइतकी पोसली जात नाही. दरम्यान मुळाच्या टोकाला इजा झालेलीच असते. शेत कृमींनी भरलेले असेल तर प्रतिकारक वाणालाही त्या पहिल्या वर्षी घाव सोसावा लागतो.

म्हणजे प्रतिकारक वाणाचा खरा लाभ कापणीनंतर मातीत राहतो आणि तो पुढच्या पिकाच्या पदरात पडतो. यंदाच्या पोत्यांच्या संख्येत तो पूर्णपणे दिसत नाही. तांबेरा-प्रतिकारक गहू आणि मोल्या-प्रतिकारक गहू यांतील हा मूलभूत भेद आहे. पहिला त्याच हंगामात स्वतःची किंमत वसूल करतो; दुसरा उधारीवर चालतो. वाणांची निवड मात्र जगभर एकाच मापाने होत आली आहे: यंदा प्रति हेक्टरी किती क्विंटल?

दुर्गापुऱ्याचे काम

भारतात या विषयाला संस्थात्मक आधार मिळाला तो १९६६ मध्ये, नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सूत्रकृमीशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाल्यानंतर. तो काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १९६६ मध्येच मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे भारतात आले. सगळा देश धान्याच्या तुटवड्याने व्याकूळ असताना, मुळांवरचे पांढरे मणी मोजणाऱ्यांना कोणी फारसे विचारले नसते तर नवल नव्हते. तरीही १९७० मध्ये व्हान बेर्कुम आणि शेषाद्री यांनी नुकसानीचे आकडे मांडले. मोल्यामुळे एकट्या राजस्थानात वर्षाला सुमारे ४ कोटी रुपयांचा गहू आणि अडीच कोटी रुपयांचे जव बुडते, असा त्यांचा अंदाज होता. तेव्हाच्या रुपयाचे मोल ध्यानात घेतले तर ही रक्कम लहान नव्हे. या अंदाजाचा उल्लेख नंतरच्या निबंधांतून सातत्याने होत राहिला.

जयपूरजवळील दुर्गापुरा येथील कृषी संशोधन केंद्र या कामाचे मुख्य ठिकाण झाले. सीकर, जयपूर, अलवर, झुंझुनू या जिल्ह्यांच्या हलक्या, वालुकामय जमिनी मोल्याला विशेष मानवत. शेजारच्या हरियाणातील महेंद्रगड-रेवाडीकडेही तो दिसत होता. १९७७ मध्ये सूत्रकृमींवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि निरनिराळ्या राज्यांतील केंद्रांचे काम एका धाग्यात आले.

या कामाचे स्वरूप कंटाळवाणे होते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. रोगट शेतातील माती आणायची, पुटी धुऊन, गाळून अंड्यांची संख्या मोजायची, त्या मातीच्या कुंड्या भरायच्या आणि प्रत्येक कुंडीत एकेका वाणाचे बी पेरायचे. शेजारी हमखास बळी पडणारे वाण तुलनेसाठी ठेवायचे. तीन महिन्यांच्या सुमारास रोपे अलगद उपटून मुळे पाण्यात धुवायची आणि पांढऱ्या माद्या मोजायच्या. उशीर झाला तर माद्या तपकिरी होऊन मातीत गळतात आणि मोजणी फसते. घाई केली तर त्या दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतात. अंडी थंडीतच उबत असल्यामुळे हे सगळे वर्षातून एकदाच करता येते. तांबेऱ्यावर काम करणारा पैदासकार उन्हाळी पीक थंड डोंगराळ भागात घेऊन वर्षाला दोन पिढ्या पुढे सरकू शकतो. मोल्याच्या चाचणीला मात्र हिवाळ्याचीच वाट पाहावी लागते. हजारो वाणांतून चार-दोन प्रतिकारक सापडणे, त्यांचे चांगल्या उत्पन्नाच्या वाणांशी संकर करणे, संततीतून पुन्हा मोजून निवडणे, यात आयुष्ये जातात.

पहिले यश जवात आले. जवात प्रतिकाराची प्रबळ जनुके अधिक सहज सापडत होती, हे युरोपातील कामावरून ठाऊक होतेच. ‘राजकिरण’, पुढे ‘आरडी २०३५’ आणि ‘आरडी २०५२’ ही मोल्याला दाद न देणारी जवाची वाणे राजस्थानातून पुढे आली. गव्हाला अधिक वाट पाहावी लागली. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ‘राज एमआर-१’ हे वाण मोल्याग्रस्त भागासाठी प्रसारित झाले. त्यातील ‘एमआर’ ही अक्षरे ‘मोल्या रोधक’ या शब्दांची आहेत. नीम का थानाच्या पहिल्या नोंदीपासून या नावापर्यंतचे अंतर चार दशकांहून अधिक आहे.

ऑस्ट्रेलियाचा आरसा

याच काळात दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया येथील गव्हाच्या पट्ट्यातही पुटी-कृमीने थैमान घातले होते. तेथील अनुभव आपल्या अनुभवाशेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

तेथे ‘फेस्टिग्वे’ नावाच्या गव्हात प्रतिकार आढळला. हे वाण मुळात तांबेऱ्यासाठी घडवलेले होते. कृमीविरुद्धचा गुण त्यात आपसूक आलेला होता. जवात ‘गॅलियन’ हे वाण १९८० च्या दशकाच्या आरंभी वेट इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडले आणि त्यातील प्रतिकारक जनुकाची पुढे स्वतंत्र नोंद झाली. निसर्गाचीही त्यांना एक साथ होती. तेथील हवामानात पुटीतील बहुतांश अंडी एकाच हंगामात उबतात. त्यामुळे एक-दोन वर्षे प्रतिकारक पीक घेतले की शेत जवळजवळ निर्मळ होते. भारतात निम्मीच अंडी उबत असल्याने तोच परिणाम साधायला अधिक वर्षे लागतात. ‘तेथे जमले, येथे का नाही’ असे विचारण्यापूर्वी हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

दुसरा फरक धोरणाचा. तेथे प्रतिकार हा वाणाचा आवश्यक गुण मानला जाऊ लागला. पैदासीच्या मुख्य कार्यक्रमात तो सामावला गेला आणि सामान्य शेतकऱ्याने घेतलेल्या लोकप्रिय वाणांतच तो मिसळून गेला. आपल्याकडे मोल्या-प्रतिकारक वाण हे ‘रोगट भागासाठीचे खास वाण’ राहिले. खास वाणाची अडचण अशी की ते मागायला शेतकऱ्याला आधी आपल्या शेतात काय आहे हे ठाऊक असावे लागते. माती तपासून घेणारा शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे घेऊन घरी जातो. पुटींची संख्या त्या कागदावर नसते.

कोणता शत्रू?

जनुकशास्त्राची प्रगती झाली तशी प्रतिकारक जनुकांची यादी वाढली. गव्हात त्यांना ‘क्रे’ या अक्षरांनी ओळखतात. क्रे-१ साध्या गव्हातूनच मिळाले. क्रे-३ आणि क्रे-४ ही गव्हाच्या एका रानटी पूर्वजातून, एजिलॉप्स टाउशाय या गवतातून आणली गेली. आणखी काही जनुके एजिलॉप्सच्या इतर जातींतून आली, तर एक राय या धान्यातून. ज्या गवतांकडे शेतकरी तण म्हणून पाहतो, त्यांच्यात गव्हाने लागवडीच्या हजारो वर्षांत गमावलेले गुण शाबूत होते. पुढे या जनुकांसाठी डीएनए-खुणा तयार झाल्या. त्यांच्या आधारे रोपाच्या पानाचा तुकडा तपासून जनुक आहे की नाही ते सांगता येऊ लागले आणि हिवाळ्याची वाट पाहण्याचे बंधन काहीसे सैल झाले.

पण येथेच एक धडा मिळाला. क्रे-१ हे युरोप, उत्तर आफ्रिका आणि उत्तर अमेरिकेतील कृमींविरुद्ध फार प्रभावी ठरले. ऑस्ट्रेलिया आणि आशियातील कृमींपुढे ते मध्यम किंवा निष्प्रभ ठरले. क्रे-३ ऑस्ट्रेलियात उत्तम, युरोपातील कृमींपुढे लंगडे. एकाच नावाच्या शत्रूचे निरनिराळ्या देशांतले वागणे इतके भिन्न कसे?

भारतीय संशोधकांना याची चाहूल आधीच लागली होती. बी. एन. माथुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच राजस्थान आणि हरियाणाच्या हलक्या जमिनींतील मोल्या-कृमींत निरनिराळे जैवप्रकार असल्याचे नोंदवले होते. १९८२ मध्ये डेन्मार्कमधील अँडरसन पितापुत्रांच्या नव्हे, तर अँडरसन आडनावाच्या दोन संशोधकांच्या नावाने ओळखली जाणारी वर्गीकरणपद्धत आली. ठरावीक वाणांचा संच पेरायचा आणि कोणत्या वाणावर कृमी वाढते यावरून तिचा प्रकार ठरवायचा, अशी ती पद्धत. शेवटी रेणवीय अभ्यासाने आणखी खोल जाऊन दाखवले की हे भेद केवळ प्रकारांचे नव्हते, काही ठिकाणी जातीच वेगळ्या होत्या. २००२ मध्ये सुब्बोटिन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील कृमीला हेटेरोडेरा ऑस्ट्रालिस हे वेगळे नाव दिले. वायव्य भारतातील काही नमुने हेटेरोडेरा फिलिप्येव्ही या भावंड-जातीचे असल्याचेही त्याच सुमारास पुढे आले.

याचा अर्थ असा की दुर्गापुऱ्यात मोजलेला प्रतिकार पंजाबच्या शेतात तसाच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही. परदेशातून आलेल्या बियाण्याच्या पाकिटावर ‘प्रतिकारक’ असे लिहिलेले असेल, तर ‘कोणाविरुद्ध?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. निल्सन-एले यांच्या निबंधातील नावाची चूक १९२० साली निरुपद्रवी ठरली, कारण त्यांचे वाण आणि त्यांची कृमी एकाच देशातली होती. बियाणे देशोदेशी फिरू लागल्यावर तशी चूक शेतकऱ्याला भोवू शकते. म्हणून पुटीच्या कवचाचे सूक्ष्म आकार मोजत बसणारा वर्गीकरणतज्ज्ञ पैदासकाराइतकाच या कथेतला कर्ता आहे. आज विद्यापीठांतून हे शास्त्र शिकणारे हात कमी होत आहेत, ही गोष्ट पिकाच्या हिशेबातही धरायला हवी.

मातीचा स्वतःचा प्रतिकार

या इतिहासातील एक उपकथा वगळणे बरे नाही. इंग्लंडमध्ये काही शेतांत वर्षानुवर्षे धान्यामागून धान्य घेतले, तर कृमी वाढत राहायला हव्या होत्या. त्या उलट घटल्या. ब्रायन केरी आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा मातीतील बुरशी माद्यांना आणि अंड्यांना मारत असल्याचे आढळले. त्यांपैकी एकीचे नाव नेमॅटोफ्थोरा गायनोफिला. दमट जमिनीत ती जोमाने वाढते. राजस्थानच्या रुक्ष मातीत तिच्याकडून तसल्या कामगिरीची आशा धरता येत नाही. तरीही त्या शोधाने एक दृष्टी दिली: प्रतिकार केवळ बियाण्यात नसतो, मातीतल्या सजीवसृष्टीतही असतो.

राजस्थानातील उपाययोजनेतही बियाणे एकटे उभे नाही. मे-जूनच्या कडक उन्हात खोल नांगरट करून पुटी वर आणायच्या आणि तापू द्यायच्या. मोहरी, हरभरा, मेथी, धने, कांदा किंवा गाजर यांची पालट ठेवायची. आणि धान्याच्या पाळीत प्रतिकारक जव किंवा गहू घ्यायचा. या तिन्हींची सांगड घातली तर शिलकी अंड्यांचा साठा उतरत जातो. प्रतिकारक वाण एकटेच वर्षानुवर्षे पेरत राहिले, तर त्याला चकवू शकणाऱ्या मोजक्या कृमींनाच आपण निवडून वाढवत असतो. पैदासकार शेतात झाडांची निवड करतो, त्याच वेळी त्याचे झाड मातीत कृमींची निवड करत असते.

मोजमापाचा प्रश्न

२००९ मध्ये तुर्कस्तानातील अंताल्या येथे पुटी-कृमींवर आंतरराष्ट्रीय उपक्रमाची पहिली कार्यशाळा भरली. चीनने १९८९ मध्ये हुबेई प्रांतात प्रथम पाहिलेली ही कृमी तोवर तेथील अनेक प्रांतांत पसरलेली होती. पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका, भारत, चीन, ऑस्ट्रेलिया, असा सारा कोरडवाहू गव्हाचा पट्टा एकाच चिंतेने एकत्र आला. कोरडवाहू हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मुळे गुंतून उथळ राहिलेल्या झाडाला पाण्याचा ताण सर्वांत आधी जाणवतो. पाऊस किंवा पाणी वेळेवर मिळाले तर तेच झाड नुकसान बरेचसे झाकून नेते. भूजल खालावत जाणाऱ्या आणि उष्म्याचे दिवस वाढत जाणाऱ्या प्रदेशात मुळांच्या आरोग्याचे मोल त्यामुळे वाढणार आहे.

मे २०२५ मध्ये जनुकसंपादित तांदळाच्या दोन भारतीय वाणांची घोषणा झाली तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली आणि ती योग्यही होती. तंत्र नवे आहे, वेगवान आहे. उद्या तेच तंत्र मोल्याविरुद्धही वापरता येईल. मात्र वेग वाढला तरी मोजमाप जुनेच राहिले, तर अडचण तिथेच राहील. यंदाच्या क्विंटलांवर वाणाची परीक्षा घेणारी व्यवस्था, पुढच्या वर्षीच्या मातीसाठी काम करणाऱ्या वाणाला नेहमीच कमी गुण देईल. त्यावर उपाय असंभव नाही. रोगट जमिनीत एकाच तुकड्यावर सलग दोन-तीन हंगाम चाचणी घ्यावी. पहिल्या वर्षी नवे वाण आणि जुने वाण शेजारी पेरावे. दुसऱ्या वर्षी दोन्ही तुकड्यांवर एकच सामान्य वाण पेरावे आणि मग उत्पन्नातला फरक मोजावा. कापणीनंतर मातीत किती पुटी राहिल्या हा आकडा उत्पन्नाच्या रकान्याशेजारी छापावा. दुसऱ्या वर्षी त्या सामान्य गव्हाने दिलेले जास्तीचे दाणे हे पहिल्या वर्षीच्या प्रतिकारक वाणाच्या खात्यावर जमा व्हायला हवेत.

नीम का थानाच्या शेतकऱ्याने ज्या डागाला नाव दिले होते, त्याचे शास्त्र आज बऱ्यापैकी उलगडले आहे. प्रतिकारक वाणे आहेत, जनुकांच्या खुणा आहेत, पालटीची पिके ठाऊक आहेत. उरते ते शेतकऱ्याच्या हातात आपल्या मातीतील पुटींचा आकडा देणे. मृद्-आरोग्य पत्रिकेवर आज अनेक रकाने असतात. ज्या जिल्ह्यांत मोल्या आहे तेथे त्यात आणखी एक वाढवायला फार मोठ्या शोधाची गरज नाही. फेब्रुवारीत चार रोपे उपटून बादलीभर पाण्यात मुळे धुतली, तरी पांढरे मणी नुसत्या डोळ्यांनी दिसतात.